शेळीचा बाळंतविडा

मराठीत बाई बाळंत होते आणि शेळी विते. गाय विते, म्हैस विते, मांजरसुद्धा विते. हे लहानपणापासून इतकं तोंडात बसलेलं असतं की ही एक मोठी सोय आहे हे कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत ती सोय नाही. इंग्रजीत बाईही डिलिव्हर होते, शेळीही होते, आणि कुरियरचं पार्सलही होतं. शिवाय करडाला तिथे 'किड' म्हणतात. वेलिंग्टनच्या सरकारी खात्यात इतकी वर्षं कंत्राटं तपासूनही मला हे माहीत नव्हतं, कारण आमच्या खात्यात शेळ्यांचा विषय निघत नाही.

तो निघाला वेलिंग्टनला लागून असलेल्या लोअर हटला, आमच्या हॉलमध्ये. महिन्यातून एका रविवारी आम्ही काही मराठी घरं हा हॉल भाड्याने घेतो. बहुतेक बौद्ध, नागपूरकडची, औरंगाबादची, पुण्याची. वंदना होते, जेवण होतं, मग पोरं बास्केटबॉल घेऊन पळतात, नवरे खुर्च्या रचण्याचं नाटक करतात आणि आम्ही बायका पातेली घासताना जगाचे प्रश्न सोडवतो. शेळीचा प्रश्न असाच सिंकजवळ सुटला.

आमच्या शेजारच्या युनिटमध्ये आफ्रिकेतल्या मलावीहून शेतीचा कोर्स करायला आलेले एक गृहस्थ दोन हिवाळे राहून गेले होते. आम्ही त्यांना काका म्हणायचो आणि तेही ओ द्यायचे. त्यांच्याकडे मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा उकडून खातात. माझ्या सासूबाईंनी तो एकदा चाखला आणि त्यांना ज्वारीची भाकरी खायला घालून उत्तर दिलं. पुढे दर शनिवारी ते भाकरीला हजर. कोर्स संपवून ते गावी परतले आणि मोटरसायकलवर फिरून आईबाप नसलेल्या पोरांच्या घरांना शेती आणि जनावरं लावून द्यायचं काम करू लागले. तिथली पद्धत मला लगेच पटली. घराला एक शेळी द्यायची. तिच्यासाठी जमिनीपासून उंचावर फळ्यांचा गोठा बांधायचा, म्हणजे लेंड्या खाली पडतात आणि थेट मक्याच्या वावरात जातात. शेळीला पहिली पाट झाली, म्हणजे मादी करडू, की ती पुढच्या पोरक्या घराला द्यायची. आमच्या गावाकडे अर्धलीनं शेळी देतात तसंच, फक्त तिथे अर्धा वाटा देणाऱ्याकडे परत न येता पुढे सरकतो.

आम्ही एका घरासाठी शेळी द्यायची ठरवली. त्यासाठी शाळेच्या जत्रेत वडापावचा स्टॉल लावला. वेलिंग्टनच्या वाऱ्याने आमचा गझीबोचा मांडव उचलून शेजारच्या क्रिकेटच्या मैदानावर नेला आणि नागपूरवाली त्याच्या एका पायाला लोंबकळत थोडं अंतर गेली. हिच्याबद्दल सांगायला हवं. ती इथे विद्यार्थिनी म्हणून आली, ऑकलंडजवळ ईस्ट टामाकीच्या गोदामांत राबली, आता इकडे एका बँकेत आहे. आमच्या मंडळाची सगळी भाषांतरं तीच करते. काकांचे इंग्रजीत बोललेले निरोप मोटरसायकलवरून येत, अर्धे वाऱ्यात उडालेले. ते ऐकून ती मराठीत ग्रुपवर टाकायची, कारण ग्रुपवर सासवाही होत्या.

ज्या घरी शेळी गेली तिथे विशी नुकतीच ओलांडलेली एक मुलगी घर चालवत होती. मागे एक लहान बहीण आणि दोन भाऊ, त्या दोघींच्या वयाच्या मधले. चुलता दुसऱ्या गावी. माणूस वाईट नव्हता, पण त्याच्याकडे गुरं होती आणि राखायला कुणी नव्हतं. मक्याची काढणी झाली की दोन्ही भावांना घेऊन जातो, असं त्याने सांगितलं होतं. मुलगी म्हणाली, भाऊ इथेच राहतील. त्यावर चुलत्याने शेतकऱ्याला शोभेल असं उत्तर दिलं. एका शेळीला राखणदार लागत नाही, दोरी पुरते. ज्या दिवशी तुझ्या घरची दोन जनावरं होतील, त्या दिवशी पोरं तुझी.

म्हणजे हिशोब सरळ होता. शेळीला एकच करडू झालं आणि ते पाट निघालं, तर ती पाट शेजारच्या पोरक्या घरी जाणार आणि पुन्हा एकच शेळी उरणार. आणि तिथे तर शेळी गाभण आहे की नाही तेच कळेना. काका दर महिन्याला कळवायचे, अजून काही नाही. सासूबाईंनी ती भाकड आहे असं जाहीर करून टाकलं. मे महिन्यात मका निघाला. चुलता जुलैच्या अखेरीस यायचा होता. आम्ही शेळीचं नाव काढणं सोडून दिलं होतं.

जूनच्या सुरुवातीला एका संध्याकाळी मी हट लाइनच्या ट्रेनमध्ये होते. पेटोनी स्टेशनच्या आसपास ग्रुपवर नागपूरवालीचा मजकूर आला. 'तिला जुळं झालं. दोन्ही पोरं चांगली आहेत, एक जरा बारकं आहे. ती उठून फिरते, खाते-पिते.'

मी तो तीनदा वाचला. मग औरंगाबादकर वहिनींनी विचारलं, लग्न कधी झालं? नागपूरवालीने लिहिलं, लग्नाचं काही बोलले नाहीत.

घरी पोचेपर्यंत मी मन आवरलं होतं. मला दोनच गोष्टी दिसत होत्या. पहिली, कुणी त्या मुलीला एका शब्दाने बोलायचं नाही. दुसरी, भाऊ गेले. जुळी सांभाळणारी बाई घर, मका आणि दोन भाऊ कसे ओढणार? चुलत्याला आता बोलायचीही गरज नव्हती. मी हे सगळं ग्रुपवर स्पष्ट लिहिलं. पहिल्या मुद्द्याला सगळ्यांनी अंगठे दिले. दुसऱ्याला कुणी काही दिलं नाही.

मग मी काकांना निरोप पाठवला की तिला थंडी लागू देऊ नका, बाहेर पाठवू नका. त्यांच्याकडेही जूनमध्ये हिवाळाच असतो, आमच्यासारखा. काकांचं उत्तर आलं आणि नागपूरवालीने ते जड मनाने मराठीत आणलं. 'काळजी नको. तिला गोठ्यात ठेवली आहे. खाली गवत अंथरलंय.'

सासूबाईंनी चष्मा काढला.

"गोठ्यात?" त्या म्हणाल्या. "माझी भाकरी खाऊन गेला हा माणूस."

मी त्यांना समजावलं की तिथे कदाचित तीच उबदार जागा असेल. मग औरंगाबादकर वहिनींनी, मी नको म्हणत असताना, बाप कोण हे विचारायला लावलं. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. नागपूरवालीने ते ग्रुपवर न टाकता मला फोन केला.

"शेजारच्या गावचा आहे म्हणतात. धिप्पाड आहे. त्या भागात त्याची बरीच पोरं आहेत म्हणे."

"आणि?"

"आणि म्हणतात, मीच आणला होता त्याला. दोन दिवस ठेवून घेतला."

सासूबाईंना ऐकू जाऊ नये म्हणून मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं.

"तू नीट ऐकलंस ना?" मी विचारलं.

"मी काय खोटं सांगून राहिली का, ताई? तूच ऐक."

मी ऐकलं. फटफटीचा आवाज, वारा, आणि त्यात काका मोठ्या आनंदाने हे सगळं सांगत होते. माणूस इतका आनंदात का आहे हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी ठरवलं की प्रश्न पुष्कळ झाले, आता बाळंतविडा करू.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस आमच्या घराला काय झालं होतं सांगता येत नाही. गंभीर काम होतं, पण बायका एकत्र बसून इवलेइवले कपडे शिवायला लागल्या की गांभीर्य टिकत नाही. दुपटी आली, झबली आली. पुण्याच्या एका पोरीने यूट्यूब बघून मोजे विणले, ते एकमेकांचे नातलगही वाटत नव्हते. सासूबाईंनी जरीच्या जुन्या साडीचे काठ काढले आणि दोन कुंच्या शिवल्या, मागे पाठीवर रुळणाऱ्या, गोंडेवाल्या. एक अंजिरी, एक हिरवी. माझी मुलगी, जी मराठी सगळं समजते आणि उत्तर इंग्रजीत देते, ती म्हणाली की या डिस्नीच्या वाटतात. सासूबाईंना ते कौतुक वाटलं. कौतुकच होतं.

लाडवांवरून खटका उडाला. सासूबाईंना डिंकाचे लाडू पाठवायचे होते. मी सांगितलं, खायच्या वस्तू सीमेपार जात नाहीत. ऑकलंडच्या विमानतळावर त्यांच्याच बॅगेतला लिंबाच्या लोणच्याचा डबा कसा हातमोजे घालून नेला होता, त्याची आठवण करून दिली. त्या बरं म्हणाल्या. सासूबाई एका शब्दात बरं म्हणाल्या की माणसाने पार्सल पुन्हा उघडून बघावं. मी बघितलं नाही. मोज्यांच्या आत लाडू होते, आणि वर त्यांनी नातीकडून इंग्रजीत चिकटपट्टी लिहून घेतली होती, 'आईसाठी. रोज सकाळी एक. अंगात ताकद येते.'

काकांना वाटलं होतं की आम्ही सगळ्या मिळून फोनवर एकदा पोरांना बघावं, आणि चुलता यायचा तो रविवार त्यांनीच सुचवला. आमची संध्याकाळ, त्यांची सकाळ. म्हणजे भाऊ नेतानाच आम्हाला दाखवणार. पण आमच्या मंडळाला रडायचं म्हटलं तरी जेवण लागतं. तेव्हा ठरलं की त्याच दिवशी हॉलमध्ये बारसंही करून टाकू, निदान मुलीला बरं वाटेल. घुगऱ्या भिजल्या. एकीने टेबलाच्या दोन पायांना ओढणी बांधून पाळणा केला आणि त्यात, रिकामा दिसू नये म्हणून, नारळ ठेवला. नवऱ्यांपैकी एकाने हॉलच्या दारात उभं राहून येणाऱ्या प्रत्येकाला आपला आणि माओरी नमस्कार जोडून 'जय भीम, किया ओरा, आत पाळणा आहे' असं सांगायला सुरुवात केली. त्याला भांडी पुसायला पाठवलं.

फोन प्रोजेक्टरला जोडला. भिंतीवर आधी आकाश, मग काकांची हनुवटी, मग ती मुलगी. उंच, ताठ, निळा स्वेटर. दोन्ही भाऊ तिच्या मागे, हात मागे बांधून, शाळेच्या फोटोसाठी उभे राहावेत तसे. कडेला टोपी घातलेला एक माणूस झाडाला टेकून. तो चुलता. आम्ही सगळ्या भिंतीसमोर साड्या नेसून.

मुलगीच आधी बोलली. सावकाश, नीट इंग्रजीत. म्हणाली, पार्सलबद्दल झिकोमो, म्हणजे आभार. थंडी फार पडली. बारकं होतं ते गेलंच असतं, पण टोपीने जगलं. टोप्या छान बसल्या. फक्त कान मावत नव्हते, म्हणून माफ करा, मी कात्रीने भोकं पाडली.

नागपूरवालीने भाषांतर करता करता 'कान' या शब्दावर गाडी थांबवली.

सासूबाई मला म्हणाल्या, "कान किती मोठे आहेत पोरांचे?"

आणि मुलीने खाली वाकून दोन्ही उचलली.

भिंतभर एक तपकिरी तोंड आलं. अंजिरी कुंची, जरीचा काठ, गोंडा हनुवटीखाली, आणि दोन भोकांतून बाहेर आडवे दोन लांब कान. ते बें करून ओरडलं. मग हिरवी कुंची ओरडली.

"किड्स," माझी मुलगी मागून म्हणाली. "ओ माय गॉड, मम. गोट किड्स."

माझ्या आयुष्यात मी अशी हसलेली नाही. आधी औरंगाबादकर वहिनी खुर्चीवरून घसरल्या, मग पुण्याची पोरगी पाळण्यावर पडली आणि नारळ घरंगळत सिंकपर्यंत गेला. नागपूरवाली पदर तोंडात कोंबून भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, पण तिचे खांदे सगळं सांगत होते. तो धिप्पाड बाप आठवला की नव्याने लाट यायची. एकीने 'दोन दिवस ठेवून घेतला' एवढंच म्हटलं आणि आम्ही पुन्हा गेलो. सासूबाई तेवढ्या हसत नव्हत्या. त्या भिंतीजवळ जाऊन कुंचीचा काठ निरखत होत्या.

"भोकं बरोबर पाडलीत," त्या म्हणाल्या. "हात चांगला आहे पोरीचा."

पलीकडे मुलगी गोंधळून बघत होती. तिला सांगणं भाग होतं. मी सांगितलं, थोडं वगळून. की आम्हाला वाटलं, जुळी तुला झाली. तिने ते काकांना त्यांच्या भाषेत विचारून घेतलं. काकांनी फोन एका हातातून दुसऱ्या हातात घेतला, आणि मग भिंतीवर फक्त आकाश हलायला लागलं, कारण तेही हसत होते. ती परत दिसली तेव्हा डोळे पुसत होती. मग तिने तिची बाजू सांगितली. तिला वाटलं होतं, न्यूझीलंड मेंढ्यांचा देश, तिथे जनावरांना असे कपडे घालत असतील. त्यांच्याकडे शेळ्यांना टोप्या घालत नाहीत, पण बाहेरच्यांची पद्धत मोडू नये. मोजे मात्र तिने कुणाला घातले नव्हते. प्रत्येकाला चार पाहिजे होते, ती म्हणाली, आणि तुम्ही पाठवले त्यांतले कुठलेच दोन सारखे नव्हते.

मी लाडवांचं विचारलं, कारण एव्हाना माझ्या मुलीने त्या चिकटपट्टीचं मला सांगून टाकलं होतं.

दिले, ती म्हणाली. आईलाच दिले. रोज सकाळी एक. पहिल्या दिवशी तिने हुंगून बघितला, दुसऱ्या दिवसापासून ती गोठ्याच्या दाराशी उभी राहायची. दूध इतकं उतरलं की करडं ढोलासारखी झाली. आता संपलेत, म्हणून ती आमच्यावर रागावलीय.

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. लोणच्याचा विषय निघाला की अजूनही त्याच नजरेने बघतात.

हे सगळं चालू असताना चुलता झाडापासून हलला. तो पुढे आला. हसण्याच्या भरात मी विसरले नव्हते, पण बाकीच्यांना आत्ता आठवलं. त्याने हिरव्या कुंचीतलं करडू उचलून पोटाखाली बघितलं, मग अंजिरीतलं. मलाही तेच विचारायचं होतं, म्हणून मी विचारलं. एक पाट, एक बोकड, काकांनी सांगितलं.

चुलत्याने बोटांवर काही न मोजता मुलीला काहीतरी विचारलं. तिने शेजारच्या टेकाडाकडे हात केला. काकांनी आमच्यासाठी सांगितलं, तो विचारतोय पाट कुठल्या घरी जाणार आणि कधी. ती म्हणाली, दूध सुटलं की लगेच, त्या टेकाडापलीकडे तीन पोरं राहतात त्यांना. ठरलंय.

चुलता मान हलवत राहिला. पाट गेली तरी आई आणि बोकड मागे उरत होते. दोन जनावरं. ज्या जुळ्याच्या बातमीने मला वाटलं होतं की भाऊ गेले, ते जुळं नसतं आणि एकटी पाटच झाली असती, तर भाऊ खरोखर गेले असते.

तो भावांकडे वळला आणि एकच वाक्य बोलला. काकांनी ते भाषांतरित करायच्या आधीच धाकट्याने मागे बांधलेले हात सोडले.

"तो म्हणतोय," काका म्हणाले, "मग उभे काय आहात? जनावरं उपाशी आहेत."

पलीकडे टाळ्या वगैरे काही झाल्या नाहीत. इकडेही नाही. नागपूरवालीने नाक शिंकरलं आणि सर्दीला नावं ठेवली. मी म्हटलं, पाळणा बांधलाय तर नाव ठेवून घेऊ, घुगऱ्या वाया जातील. बारशाला आत्या लागते. मुलीला काय करायचं ते समजावलं. तिने तक्रार न करता फोन आधी एका करडाच्या कानाशी धरला, मग दुसऱ्याच्या, आणि मी आत्या होऊन दोन्ही करडांच्या कानांत कुर्र केलं. नावं इथे लिहीत नाही. बोकडाचं नाव आमच्या मंडळाच्या खजिनदाराचं आहे आणि तो ते कौतुक समजत नाही.

शेळी त्या वेळी पहिल्यांदा दिसली. कॅमेऱ्यात तोंड घालून तिने आमच्याकडे पाहिलं, सगळ्यांचे हात तपासावेत तसं. लाडू नाही हे बघून निघून गेली. करडं तिच्या मागे, मोठा भाऊ तिच्या पुढे, धाकटा एक काटकी घेऊन मागे, आणि त्याच्याही मागे ती लहान बहीण, जिला कुणी बोलावलं नव्हतं. वावराच्या कडेने ती सगळी रांग गेली. अंजिरी कुंची कुणाच्या तरी मिरच्यांत घुसली आणि धाकटा ओरडत तिच्या मागे धावला.

मुलीला अजून पुष्कळ बोलता आलं असतं, आम्हालाही. सासूबाईंना मोज्यांचं काय केलं ते विचारायचं होतं. पण तिने वळून भावांकडे पाहिलं, मग आमच्याकडे, आणि म्हणाली की आता ठेवते, त्यांना जनावरं कुठे न्यायची ते अजून नीट कळत नाही. निरोप वगैरे न घेता तिने फोन बंद केला.

मला ते फार आवडलं. हॉलची वेळ संपत आली होती आणि पातेली तशीच पडली होती. मी बाह्या वर केल्या. सासूबाई पाळण्याची ओढणी सोडत होत्या. पुढच्या वेळी, त्या म्हणाल्या, कानांची भोकं शिवतानाच ठेवू. आणि त्या तीन पोरांच्या घरी पाट जाईल तेव्हा तिच्यासाठी वेगळी कुंची लागेल. ही तिला लहान होईल.